तोंड उघडा

आनंदरावांनी पोह्यांवर जिरावण घेतलं नाही, तेव्हा गिरिजाला पहिल्यांदा शंका आली.

रविवारची सकाळ होती. पोहे नेहमीसारखे होते, वर शेव होती, जिरावणाच्या तिखट मसाल्याची बाटली त्यांच्या समोरच होती. त्यांनी ती नुसती बाजूला सरकवली. मग पोह्यांतली हिरवी मिरची वेचून ताटलीच्या कडेला लावली आणि एकेक घास पाण्याबरोबर खाली ढकलला. तिने विचारलं तर ॲसिडिटी झालीय म्हणाले. गिरिजाने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. तिखटाशिवाय ज्याचं जेवण होत नाही असा हा माणूस, आणि ॲसिडिटीची एक गोळी घरात आलेली तिने पाहिली नव्हती.

शंका यायला कारणही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी आनंदरावांचे थोरले भाऊ बुद्धरत्न महूला तोंडाच्या कॅन्सरने गेले. आधी अर्धा जबडा काढला, मग नाकातून नळी, आणि शेवटी शेवटी ते पाटीवर लिहून बोलायचे. दोघे भाऊ कॉलेजात असल्यापासून गुटख्याचे पाउच खात. वडील फौजेतले, शिस्तीचे, पण त्यांच्या पाठीमागे दोघांचाही गाल कायम फुगलेला. बुद्धरत्नांना शेवटचं पोहोचवून आल्यावर आनंदरावांनी खिशातले पाउच सगळ्यांसमोर नाल्यात टाकले आणि गिरिजाला म्हणाले, आता संपलं.

संपलं असं ते म्हणाले होते. गिरिजाने मात्र तेव्हापासून लक्ष ठेवायला सुरुवात केली.

ती स्नेहलतागंजमधल्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवत होती आणि घरही शाळेपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. भाऊजींच्या आजारपणात तिने कॅन्सरबद्दल मिळेल ते वाचलं, आणि त्यानंतर तिला घरातल्या एकेका वस्तूचा संशय येऊ लागला. नॉनस्टिकचा तवा गेला, प्लास्टिकचे डबे गेले, पापड गॅसवर काळा होईपर्यंत भाजणं बंद झालं. तळणीचं तेल दुसऱ्यांदा वापरायचं नाही. शेव फक्त रविवारी. पहाटे नेहरू पार्कला दोघांनी चालायला जायचं. पानात रोज पालेभाजी आणि फळ. यातलं काही डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, काही शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेलं होतं. कुठलं खरं हे तिला नक्की सांगता येत नसे, म्हणून ती सगळंच करत होती. भाजीतलं तिखटही तिने निम्म्यावर आणलं होतं. यांच्यासाठी, असं ती म्हणायची.

आणि रविवारी पोहे झाले की ती आनंदरावांना बाल्कनीत उन्हाकडे तोंड करून बसवायची, मोबाईलची बॅटरी लावायची आणि म्हणायची, "तोंड उघडा." दोन्ही गाल, जीभ, जिभेखाली. मुलगी संबोधी हे पाहून हसायची. पण आनंदराव मुकाट्याने तोंड उघडत असत.

त्या रविवारी ते म्हणाले, आज डोकं दुखतंय, राहू दे. पुढच्या रविवारी त्यांना महूला जायचं होतं. त्यानंतरच्या रविवारी ते दूध आणायला म्हणून गेले आणि जेवायच्या वेळेलाच परतले.

गिरिजा जेवणानंतर बाल्कनीतल्या खुर्चीत बसून, अडकित्त्याने सुपारी कातरत, एकेक गोष्ट मनात जुळवू लागली. यांच्या तोंडाला हल्ली लवंगेचा वास येतो. लवंग माणूस दुसरा वास झाकायला खातो. हसताना हे ओठ मिटून हसतात. पूर्वी पाणीपुरी अख्खी तोंडात जायची, आता घरी केली तर ताटलीत फोडून चमच्याने खातात. फोन टेबलावर पालथा ठेवतात. आणि गुरुवारी उशीर होतो. आनंदरावांचं वीज कंपनीचं ऑफिस शहराबाहेर हातोदला होतं, ते रोज स्कूटरने जाऊन येऊन करत. गुरुवारी बिलिंगचं काम असतं, असं ते सांगत होते. वर्षानुवर्षं ते काम महिनाअखेरीस असायचं, आता ते दर गुरुवारी कसं यायला लागलं?

सुपारीचं खांड गालात ठेवून ती विचार करत राही.

मग तिने शोध घ्यायला सुरुवात केली. शर्ट धुवायला टाकताना खिसे उलटे केले. रुमालांचा वास घेतला. आनंदराव आंघोळीला गेले की खाली जाऊन स्कूटरची डिक्की उघडली. पाउचचा कागद कुठे सापडला नाही. पण एके दिवशी त्यांच्या ऑफिसच्या बॅगेतल्या आतल्या कप्प्यात तिला लाकडाच्या चपट्या काड्यांचा जुडगा सापडला. आइस्क्रीमच्या असतात तशा, रबरबँड लावून बांधलेल्या. काहींवर दातांच्या खुणा होत्या.

ती त्या काड्या उलटसुलट करून पाहू लागली. तंबाखूत चुना कालवायला हे वापरत असतील का? की दातांत अडकलेलं काढायला? तिला काहीच कळेना, आणि कळत नाही म्हणून ती आणखीच घाबरली. काड्या तिने होत्या तशाच परत ठेवल्या.

ऑफिसमधला यशोधन आनंदरावांपेक्षा वयाने बराच लहान, त्यांना 'भिया' म्हणणारा, घरी येऊन-जाऊन असणारा. गिरिजाने त्याला फोन लावला आणि इकडच्या तिकडच्या चौकशीनंतर सरळ विचारलं, की साहेब ऑफिसात काही खातात का. पलीकडे तो थांबला. मग म्हणाला, "वहिनीजी, म्हणजे क्या है ना, ते तुम्ही भियांनाच विचारून घ्या." हे तो ज्या सुरात बोलला त्यावरून गिरिजाची खात्री पटली. काही नसतं तर तो नाही म्हणाला असता.

कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही तिने विचारलं. तो म्हणाला, साहेब तर कधीचे येत नाहीत, आले तर लवंग-इलायची नेतात. गिरिजाने मनात म्हटलं, गिऱ्हाईक कोण तोडेल.

संबोधीला मात्र आईचं हे वागणं आवडत नव्हतं. ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात दोघांच्या मधे बोलायचं टाळायची. एका संध्याकाळी जेवताना तिच्या तोंडून सहज निघून गेलं, की गुरुवारी क्लासला जाताना बाबांची स्कूटर नदीकडच्या छत्रीबाग भागात उभी दिसली होती. बोलल्यावर तिला वाटलं, आपण बोलायला नको होतं. आनंदराव अजून आले नव्हते.

"छत्रीबागेत कुठे?" गिरिजाने विचारलं.

"आई, प्लीज. मी फक्त बघितली ना स्कूटर. ते कोणाला भेटायला गेले असतील."

"छत्रीबागेत आपलं कोणी नाही."

पुढच्या गुरुवारी गिरिजाने शाळेतून अर्धी रजा टाकली. स्टाफरूममध्ये सुमन मॅडमना तिने पाहुणे यायचे आहेत असं सांगितलं आणि ई-रिक्षात बसली. छत्रीबागेत नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या अरुंद, दुचाकी एकीला एक लागून. ती एकेक गल्ली चालत गेली. कुठल्यातरी टपरीमागच्या बाकावर, चार रिकामटेकड्या मित्रांत, गाल फुगवून बसलेले आनंदराव तिच्या डोळ्यांसमोर येत होते. त्यांना काय बोलायचं हेही तिने ठरवलं होतं. बोलायचं काहीच नाही. नुसतं समोर जाऊन उभं राहायचं.

स्कूटर सापडली ती एका जुन्या दुमजली घराच्या जिन्यापाशी. तिथे टपरी नव्हती. जिन्यावर पाटी होती, डॉ. शर्वरी मुळ्ये, दंत व मुखरोग. गिरिजा पाटीखाली थांबली. दातांचा डॉक्टर असेल तर लपवायचं काय? दात काढायचा असता तर घरात चार दिवस आधी रामायण झालं असतं. ती जिना चढली.

बाहेरच्या खोलीत आनंदराव एकटेच खुर्चीत बसले होते. तिला पाहून त्यांचे डोळे मोठे झाले. पण त्यांना बोलता येईना, कारण त्यांच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे त्या लाकडी काड्यांची चळत अडकवलेली होती. गाडीखाली जॅक लावावा तशी. ओठांच्या कडेने लाळ गळत होती आणि ते हातरुमालाने ती टिपत होते. त्यांनी एक हात वर करून तिला थांबायची खूण केली.

गिरिजा थांबली नाही. "तुम्ही परत खायला लागलात?" तिने विचारलं.

आनंदरावांनी मान हलवून नाही म्हटलं. मग एकेक करून काड्या काढल्या, रुमालात ठेवल्या, जबडा चोळला.

"नाही गिरिजा. त्या दिवसानंतर एकदाही नाही."

"मग हे काय चाललंय? माझ्यापासून लपवून?"

"तुला सांगितलं असतं ना, तर तू पहले हेच विचारलं असतं, की परत खायला लागलात का." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आत्ता विचारलं तसं."

गिरिजा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर तिखट लागलं की तोंडात आग व्हायला लागली. तोंड पूर्वीसारखं उघडेना. आरशात पाहिलं तर डाव्या गालात, अगदी मागे, एक पांढरा डाग होता. बॅटरी लावून पाहणाऱ्या गिरिजालाही तो दिसला नव्हता, इतका मागे. दादांचं पण असंच सुरू झालं होतं, हे त्यांना आठवलं. यशोधनच्या ओळखीने ते इथे आले. डॉक्टरांनी डागाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी ऑफिसात आणि घरात कसे दिवस काढले ते त्यांनाच माहीत. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही असं आलं.

"यशोधनला सांगितलंत, आणि मला नाही," गिरिजा म्हणाली.

"यशोधनने माझे खिसे नाही पाहिले."

आतून डॉक्टर शर्वरी आल्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं थोडं घाईचं. त्यांनी गिरिजाला आत बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. पाउचने तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, त्यात दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात, तोंड हळूहळू आवळत जातं. खाणं सोडलं तरी झालेलं नुकसान पूर्ण जात नाही. पण सोडल्याने ते पुढे वाढायचं थांबण्याची शक्यता मोठी, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं औषध. काड्यांचा व्यायाम तोंड उघडं राहावं म्हणून, सुरुवातीला दर गुरुवारी इथे येऊन, मग घरीच. डागावर दर तीन महिन्यांनी नजर ठेवायची, तो जरा बदलला तरी पुन्हा तपासणी.

गिरिजाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. तोंड पाहून डॉक्टरांना सांगता येईल का, की हे अजूनही लपूनछपून खातात?

"नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "मी त्यांना विचारलं, ते नाही म्हणाले, मी ते धरून चालले. आता मला सांगा, घरात आणखी कोणी खातं?"

गिरिजा जरा ताठ बसली. आमच्या घरात तंबाखू येतच नाही, असं तिने सांगितलं.

"आणि सुपारी?"

"सुपारी काय, ती तर सादी. जेवण झाल्यावर एखादं खांड. मीच खाते."

"दिवसातून किती वेळा?"

गिरिजा मोजायला लागली आणि थांबली. जेवणानंतर दोन्ही वेळा. शाळेत मधल्या सुट्टीत. पेपर तपासताना. गेले काही महिने, यांच्या काळजीत बाल्कनीत बसलं की. तिने सांगितलं, होते दोन-चारदा.

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी दिवा खाली ओढला, हातमोजा घातलेलं बोट गालाच्या आतून फिरवलं, दुसऱ्या गालात फिरवलं. मग तिला तिचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालून पाहायला सांगितलं. दोन गेली. तिसरं दातांना अडलं. तिने मान तिरकी करून पुन्हा पाहिलं, हात बदलला. तिसरं बोट बाहेरच राहिलं. तिखट लागतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की आमच्याकडे तिखट कमीच असतं, मीच कमी केलंय, यांच्यासाठी. हे बोलतानाच तिला आठवलं, की मागच्या लग्नात भजं तोंडात घालून तिने पटकन पाणी प्यायलं होतं आणि तेल खराब असेल असं म्हटलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की हे सुपारीनेच होतं. तंबाखू नसली तरी. बायका इथे येतात त्यातल्या पुष्कळ जणी सादी सुपारी खाणाऱ्याच असतात, आणि ती सादी असते म्हणूनच त्या वेळेवर येत नाहीत. तुमच्या तोंडात डाग नाही, पण पट्टे आहेत. आजपासून बंद करा.

रिक्षा न करता आनंदरावांनी तिला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत गिरिजाच्या मनात येत होतं, यांनीच डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं असेल. ही सुपारी खाते, हिला जरा घाबरवा, म्हणजे माझ्या मागे लागायची नाही. नाहीतर डॉक्टरने असं एकदम कसं विचारलं? मग तिला वाटलं, डॉक्टरांचा तर धंदाच आहे. एक पेशंट आला, त्याच्या बायकोलाही खुर्चीत बसवलं. माहेरची आजी ऐंशीव्या वर्षापर्यंत सुपारी खायची, तिला काय झालं?

शनिवारी ती कोणाला न सांगता सरकारी दवाखान्यातल्या दंतविभागात गेली. रांगेत उभी राहिली, तिथल्या डॉक्टरला आधीचं काही सांगितलं नाही. त्यानेही तीन बोटं घालायला लावली आणि सुपारी खाता का, असं विचारलं. ती बाहेर येऊन पायरीवर बसली. आता संशय घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

घरी तिने दोघांसमोर जाहीर केलं की सुपारी बंद. अडकित्ता माळ्यावरच्या डब्यात टाकला. संबोधीने तिला जवळ घेतलं. आनंदराव फक्त म्हणाले, "जमेल तुला. टेन्शन नको घेऊ."

तिलाही जमेल असंच वाटलं होतं. व्यसन पाउचचं असतं, दारूचं असतं, सुपारीचं कसलं व्यसन? पण तिसऱ्याच दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना तिचं डोकं ठणकायला लागलं. हात सारखे पर्सकडे जात. मुलांवर ती विनाकारण चिडली. मधल्या सुट्टीत सुमन मॅडमनी नेहमीसारखी डबी पुढे केली आणि गिरिजाने त्यातलं एक खांड उचललं. एकच, असं म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच. त्या आठवड्यात तिने वाटेवरच्या दुकानातून पुडी घेतली आणि ती घरात कणकेच्या डब्यामागे ठेवली.

घरी तिने सांगितलं नाही. वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून ती बाल्कनीत जायची आणि तिथेच रेंगाळायची. आनंदराव आत पेपर वाचत बसलेले असायचे. ते मान वर करून तिच्याकडे पाहत आणि पुन्हा पेपरात पाहत. ते काही विचारत नव्हते. त्यांच्या त्या पाहण्याने गिरिजाला घरात वावरणं नकोसं झालं. त्यांना कळलंय की नाही? कळलं असेल तर बोलत का नाहीत? पाठ वळली की डबे हलवून पाहतात का? ती कणकेचा डबा कसा ठेवलाय हे लक्षात ठेवू लागली, म्हणजे कोणी हलवला तर कळेल. तो कोणी हलवत नव्हतं.

एका रविवारी पोहे झाल्यावर आनंदरावांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि बाल्कनीतली खुर्ची तिच्याकडे सरकवली. म्हणाले, आता माझं तू पाहा, तुझं मी पाहतो.

"आज डोकं दुखतंय," गिरिजा म्हणाली.

आनंदरावांनी बॅटरी बंद केली. बरं म्हणाले, आणि दुधाची पिशवी घेऊन खाली गेले.

त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत गिरिजा तशीच बसली. हे शब्द कोणाचे होते ते तिच्या लक्षात आलं होतं. त्यांनी ते म्हटले तेव्हा ते नुसते घाबरलेले होते, चोरून खात नव्हते. ती मात्र घाबरलेलीही होती आणि चोरून खातही होती. ते परत आले तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती, पुडी समोर ठेवून.

"अहो, मी सोडलेली नाहीये."

"माहीत आहे मला," आनंदराव म्हणाले.

"कोणी सांगितलं? सुमन मॅडमनी?"

"कोणी नाही. तू बोलता बोलता थांबतेस ना मधेच, आणि जीभ फिरवतेस. गालात काही असलं की माणूस तसंच बोलतो. तीस वर्षं मी तसाच बोललो."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

ते दूध पातेल्यात ओतत होते. ओतून झाल्यावर म्हणाले, "माझी डिक्की कोणी उघडून पाहिलेली मला आवडली नव्हती."

गिरिजा रडली नाही. तिने पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली, मग ती परत काढली जाईल म्हणून पाण्यात भिजवून टाकली. आनंदरावांनी हे पाहिलं आणि पहिल्यांदाच जरा हसले, ओठ मिटून. त्यांनी सांगितलं की त्यांनीसुद्धा पहिले काही महिने असंच केलं होतं. फेकलेलं कचऱ्यातून काढू नये म्हणून ते भिजवून टाकायचे. नाल्यात सगळ्यांसमोर टाकलं तो दिवस सोपा होता, असं ते म्हणाले, कारण सगळे बघत होते.

हे तिने आधी कधी विचारलंच नव्हतं, की तुम्ही कसं सोडलं. सोडलं की नाही, एवढंच विचारलं होतं.

त्यानंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. डॉक्टर शर्वरींनी तिला सांगितलं की तलफ आली की पाणी प्या, भाजलेली बडीशेप आणि तीळ जवळ ठेवा, आणि ज्या जागी बसून खायची सवय आहे ती जागाच बदला. गिरिजाने स्टाफरूममधली खुर्ची बदलली, सुमन मॅडमना कारण सांगितलं. सुमन मॅडमना राग आला. डॉक्टर लोक आधी घाबरवतात आणि मग इलाज विकतात, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. गिरिजाला त्यात आपलाच आवाज ऐकू आला आणि तिने बडीशेप तोंडात टाकली. एका साखरपुड्यात पानसुपारीचं तबक फिरलं तेव्हा तिने पुन्हा एकदा सुपारी खाल्ली. घरी येऊन चप्पल काढायच्या आत तिने ते आनंदरावांना सांगितलं. ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो विषय काढला नाही.

सकाळी चालून आल्यावर दोघंही बाल्कनीत बसून काड्यांचा व्यायाम करू लागले. दातांमधे चळती लावून, समोरासमोर, लाळ टिपत. संबोधी कॉलेजला निघताना एकदा दारात थांबली आणि म्हणाली, की या घरात इतकी शांतता तिने कधी पाहिली नव्हती. दोघांनाही हसू आलं, आणि हसताना आनंदरावांच्या काड्या खाली पडल्या.

तवा पुन्हा नॉनस्टिक आला नाही, पण प्लास्टिकचे दोन डबे आले. चालणं, पालेभाजी आणि फळं गिरिजाने तशीच ठेवली. ग्रुपवरचे मेसेज ती आता डॉक्टरांना दाखवून विचारत होती, आणि डॉक्टर बहुतेकांना नाही म्हणत.

पावसाळ्याच्या शेवटी दोघांची तपासणी एकाच दिवशी आली. आनंदराव आधी आत गेले. डाग होता तेवढाच होता, रंगही तसाच. तरी डॉक्टरांनी पुढच्या वेळी पुन्हा तुकडा काढून पाहू असं सांगितलं. ते बाहेर आले आणि गिरिजा आत गेली. तिच्या तोंडाचं माप पहिल्या दिवसाइतकंच आलं. तोंड आणखी उघडलेलं नव्हतं आणि आवळलेलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, हे चांगलं आहे, असंच राहायला पाहिजे. आणखी उघडेल अशी आशा ठेवा, पण धरून बसू नका.

ती बाहेर आली तेव्हा आनंदराव उभेच होते.

"काय म्हणाल्या?"

"जसं होतं तसंच आहे."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरं सांगतेय की आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतेय, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि ते गिरिजाला स्पष्ट दिसलं.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

"आत जाऊन विचारा ना," ती म्हणाली.

आनंदराव क्षणभर घुटमळले. मग दार ढकलून खरोखरच आत गेले. गिरिजाने पर्स मांडीवर घेतली आणि खुर्चीत टेकून बसली. आतून डॉक्टरांचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं, मधे आनंदरावांचा एखादा प्रश्न. तिला राग आला नव्हता. ते बाहेर येईपर्यंत ती वाट पाहत बसली.